आधी बेता, मग रंगवा

इचलकरंजीत माझं शिलाईचं दुकान आहे. सत्तावीस वर्षं ब्लाऊज, पंजाबी ड्रेस आणि शाळांचे गणवेश शिवतेय. चित्रकलेशी संबंध म्हणाल तर आठवीत एलिमेंटरी दिली होती. सी ग्रेड मिळाली आणि तिथेच ब्रश सुकला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुलीने मला न विचारता एका वर्कशॉपचे पैसे भरून टाकले. तीन दिवस वाईत, जलरंगातलं निसर्गचित्र, जागेवर बसून. मी आधी तिला बोल बोल बोलले, मग बॅग भरली. आता माझी पाच वर्कशॉप झाली. तीनदा वाई-मेणवली, एकदा कोल्हापूर, एकदा मुंबई. दुकानाच्या भिंतीवर दोन चित्रं लावलीत, त्यामुळे फॉल-पिकोला आलेल्या बायका विचारतात, “ताई, आम्हाला जमेल का हो?” तोंडी सांगून सांगून दमले, म्हणून लिहून काढतेय.

जलरंगाचं कापडासारखंच आहे. शिवलेलं उसवता येतं, कापलेलं काही परत जोडून मिळत नाही. म्हणून आमच्या धंद्यात खरं डोकं बेतायला लागतं, मशीन काय पायानेही चालतं. घाटावर बसून चित्र काढतानाही असंच असतं, हे मला पहिल्या वर्कशॉपच्या तिसऱ्या दिवशी कळलं. तोवर पाच कागद वाया गेले होते. तुमचे दोन-तीन तरी वाचावेत.

पैसे भरण्याआधी

पहिला प्रश्न विचारा, एका शिक्षकामागे माणसं किती? पंधरा असली तर उत्तम, वीसच्या पुढे जाऊ नका. माझ्या दुसऱ्या वर्कशॉपला आम्ही बेचाळीस होतो आणि शिकवणारे एकच. डेमो मी पुढच्या बाईच्या मोबाइलच्या स्क्रीनवर बघितला, कारण तिने हात वर करून शूटिंग चालवलं होतं. कोणाचं वर्कशॉप ते सांगत नाही, पण पैसे पूर्ण घेतले होते.

दुसरं, सर डेमो जागेवर बसून देणार की हॉटेलच्या हॉलमध्ये फोटो बघून? फोटोवरून काढायला मला वाईला जायची गरज नाही, ते मी दुकानात बसूनही करीन. तिसरं, दिवसाला बैठकी किती? सकाळी एक आणि दुपारी साडेतीन-चारनंतर एक, अशा दोन पुरतात. कार्यक्रमपत्रिकेत एका दिवसात चार ठिकाणं लिहिली असतील तर ती सहल समजा, हरकत नाही, पण मग ब्रश नेऊ नका.

आणि बायकांनी न लाजता विचारायचा प्रश्न: बाथरूमची सोय काय? घाटावर तीन तास बसायचं असतं. पुरुष हे कधी विचारत नाहीत, त्यामुळे आयोजकांच्या डोक्यातही येत नाही. मी विचारते, आणि ग्रुपमधल्या सगळ्या बायका नंतर हळूच थँक्यू म्हणतात.

महिना बघा. वाईला नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. सकाळी नदीवर धुकं असतं, लांबचा पांडवगड निळसर दिसतो आणि कागद बेताने वाळतो. एप्रिलच्या उन्हात ब्रश उचलेपर्यंत रंगाची कड सुकून रेघ पडते. पावसाळ्यात उलटं, कागद वाळतच नाही, तुम्ही हातात कार्डबोर्ड घेऊन वारा घालत बसता. थंडी सरताना वाईत कृष्णाबाईचा उत्सव असतो, एकेका घाटाचा वेगळा. तेव्हा मांडव पडतात आणि घाट झाकले जातात. उत्सव बघायचा तर जरूर जा, चित्राला आधी जा.

सामान

पहिल्या वेळी मी अठरा ब्रश, घडीचं टेबल, चोवीस रंगांचा सेट आणि उशी घेऊन गेले होते. एसटीतून उतरताना कंडक्टरने विचारलं, “मावशी, बदली झाली का?” आता सगळं एका पाठीवरच्या सॅकमध्ये मावतं.

कागदावर पैसे खर्च करा, बाकी सगळीकडे वाचवा. ३०० जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड), शंभर टक्के कॉटनचा, थोडा खरबरीत, ज्याला कोल्ड प्रेस म्हणतात तो. सुती कापड आणि टेरिकॉट यांत जो फरक तोच कॉटनच्या आणि लाकडाच्या लगद्याच्या कागदात. सुती पाणी पिऊन धरून ठेवतं, टेरिकॉटवरून ते घरंगळतं. ड्रॉइंगच्या वहीचा कागद तर पाणी लागताच फुगतो, खड्ड्यांत रंग साचतो आणि आपल्याला वाटतं आपल्याला येत नाही. येत असतं, पण कागद दगा देतो. मोठा ताव २२ बाय ३० इंचांचा मिळतो. तो चारात कापायचा, ११ बाय १५ चे चार तुकडे. दीड तासात एवढाच भरतो. याहून मोठा नवशिक्याने घेऊ नये. तुकडा हार्डबोर्डवर चारी बाजूंनी मास्किंग टेपने चिकटवून घ्या, घरूनच. घाटावर वारा असतो, तिथे टेप स्वतःलाच चिकटते.

ब्रश चार: एक इंची फ्लॅट, बारा नंबरचा राउंड, सहा नंबरचा राउंड, आणि तारा-फांद्यांसाठी लांब केसांचा बारीक रिगर. रंग आठ: अल्ट्रामरीन आणि सेरुलियन हे दोन निळे, यलो ओकर (मातकट पिवळा), एक लख्ख पिवळा, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), लाइट रेड (विटकरी), क्रिमझन (गडद लाल) आणि सॅप ग्रीन (पानांचा हिरवा). काळ्याची ट्यूब घरी ठेवा. वाईतला दगड काळा आहे असं आपण म्हणतो, पण सकाळच्या उन्हात तो पिवळट राखाडी असतो आणि सावलीत जांभळट निळा. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळलं की तो दगड मिळतो. निळा जास्त घातला तर सावली, सिएना जास्त तर ऊन. कॉटनच्या कागदावर अल्ट्रामरीनचे कण खाचांत बसतात आणि दगडाचा खरबरीतपणा आपोआप येतो. माझ्या मते वाईच्या अर्ध्या चित्राला या दोनच ट्यूब लागतात.

पाण्याची दोन भांडी, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ. मी श्रीखंडाचे रिकामे डबे नेते. ब्रश पुसायला टिश्यू पेपर विकत घेऊ नका, जुन्या सुती साडीच्या चिंध्या कितीतरी जास्त पाणी ओढतात. घडीचं स्टूल, टोपी, पाण्याची बाटली. छत्री पांढरी किंवा काळी. मी लाल फुलांची नेली होती तेव्हा सगळा कागद गुलाबी दिसत होता, आणि मी भोळेपणाने त्यात निळा वाढवत गेले. गॉगलचंही तेच. शिवाय कागदावर थेट ऊन पडू देऊ नका. उन्हात कागद झगझगतो, म्हणून आपण रंग गडद लावतो, आणि लॉजवर आल्यावर चित्र कोंदट दिसतं.

ब्रश न उघडता पंधरा मिनिटं

सर सांगतात की पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं रंगाचा डबा उघडायचा नाही. पहिल्या वर्षी मला हे नखरे वाटले. सगळेजण लगेच जागा धरून बसायला धावतात, मीही धावले होते, आणि चांगली दिसणारी पहिलीच जागा पकडली. तासाभराने तिथे ऊन आलं.

आता मी आधी फिरते. पुठ्ठ्याला कागदाच्याच प्रमाणात एक खिडकी कापलेली आहे, पाव तावाला साजेशी, म्हणजे तीन बाय चारच्या जवळपास. ती डोळ्यासमोर धरून पुढेमागे करायची. सगळा घाट मावतो का हे बघू नका. एक मोठा गडद आकार आणि त्याला लागून एक मोठा उजळ आकार सापडतो का, एवढंच बघा. सापडला की सावली कुठे सरकणार याचा अंदाज घ्या, आणि पुढचा दीड तास जिथे सावली राहील तिथे स्टूल ठेवा.

मग वहीत काडेपेटीएवढी तीन छोटी स्केचेस. पेन्सिलने फक्त तीन छटा: कागद तसाच ठेवलेला, मधली, गडद. डोळे किलकिले केले की बारीकसारीक सगळं विरघळतं आणि या तीनच उरतात. तरी कळत नसेल तर मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा, पण तो बघून मोबाइल ठेवून द्या. फोटोत सावल्या काळ्याठिक्कर येतात, डोळ्याला त्यात रंग दिसत असतात. तिन्हींपैकी एक स्केच निवडायचं, त्याच्या कोपऱ्यात ऊन कुठून येतंय त्याचा बाण काढायचा आणि घड्याळातली वेळ लिहायची. हा तुमचा बेत. पुढे ऊन हललं, सावली फिरली तरी बेतानुसारच रंगवायचं.

मी तो बाण काढला नव्हता तेव्हाची गोष्ट. वाईचा ढोल्या गणपती. १७६२ मध्ये रास्त्यांनी हे देऊळ बांधलं. त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, नदीला पूर आला की पाणी दोन बाजूंना फाटावं म्हणून. चित्राला फार सुंदर आकार, कारण त्या टोकाच्या एका अंगाला ऊन असतं आणि दुसऱ्या अंगाला सावली, मध्ये एकच स्पष्ट धार. मी तीन तास रमून रंगवलं. संध्याकाळी सर म्हणाले, “ताई, वाईला दोन सूर्य आहेत का?” देवळाची सावली डावीकडे आणि झाडाची उजवीकडे पडली होती. झाड मी जेवून आल्यावर काढलं होतं.

मेणवलीची एक सकाळ, घड्याळ लावून

मेणवली वाईपासून तीनेक किलोमीटरवर. नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या मागच्या अंगाला कृष्णेवर चंद्रकोरीसारखा वळलेला घाट, वर देवळं, झाडं. एका छोट्या देवळीत मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा इकडे आल्या, त्यांतली ही एक. सिनेमांच्या शूटिंगमुळे घाट बऱ्याच जणांना बघितल्यासारखा वाटतो. शूटिंग असेल त्या दिवशी मात्र बसू देत नाहीत, आयोजकाला आधी चौकशी करायला लावा.

गेल्या डिसेंबरची माझी एक बैठक सांगते, म्हणजे वेळेचा हिशेब कळेल.

सात चाळीसला पोचलो. सात पंचावन्नपर्यंत फिरणं आणि तीन स्केचेस. मी घाटाच्या एका टोकाला, खालून तिसऱ्या पायरीवर बसले.

सात पंचावन्न ते आठ पाच, पेन्सिल. पहिली रेघ आपल्या नजरेच्या उंचीची, आडवी, हलकी. ही रेघ सगळ्यांत महत्त्वाची. नजरेच्या उंचीवर असलेली पायरी नुसती रेघ दिसते, तिच्या खालच्या पायऱ्यांचे सपाट भाग दिसू लागतात आणि जितकं खाली जावं तितका घाटाचा वळसा अधिक उघडा होतो. वरच्या पायऱ्यांचे सपाट भाग दिसतच नाहीत, फक्त उभे. हे समजलं की वळलेला घाट पुस्तकी नियमांशिवायही बसतो. पहिल्या वर्षी मी पायऱ्या मोजल्या होत्या. एकोणतीस. सगळ्या काढल्या आणि घाट शिडीसारखा दिसायला लागला. आता दोन-तीन ठिकाणी पायऱ्यांच्या कडा नीट दाखवते आणि बाकीचा उतार एका पट्ट्यात सोडते. बघणारा उरलेल्या स्वतःच भरतो.

आठ पाच, पहिला वॉश, म्हणजे भरपूर पाण्यातला पातळ रंगाचा थर. फ्लॅट ब्रशने वरून खाली, आकाशापासून पाण्यापर्यंत, एकसलग. आकाशात सेरुलियनचा विटका हात, खाली उतरताना ओकर, दगडावर ओकरमध्ये चिमूटभर लाइट रेड, पाण्यात पुन्हा आकाशाचा रंग थोडा मळवून. यात सोडायचं काय, ते आधी ठरवलेलं हवं. शिखराची उन्हाकडची कड, दोन पायऱ्यांचे सपाट भाग, एका माणसाचा पांढरा शर्ट. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद. ब्लाऊज बेतताना आम्ही शिवणीच्या आत माया सोडतो ना, तशीच इथे माया सोडायची. एकदा झाकली की परत मिळत नाही. शिकाऊ मुलींना मी सांगते, माया जास्त राहिली तर आत दुमडता येते. इथेही पांढरं जास्त राहिलं तर नंतर रंगाने झाकता येतं.

मग थांबायचं. सगळ्यांत अवघड काम हेच. ओला कागद चकाकतो, नंतर चकाकी जाते पण दमटपणा राहतो, शेवटी कोरडा होतो. चकाकत असताना रंग सोडला तर तो पसरतो, धुक्यातली झाडं अशीच होतात. पूर्ण वाळल्यावर लावला तर कड स्वच्छ येते. मधल्या दमट अवस्थेत पाण्याने भरलेला ब्रश टेकवला की पाणी आतला रंग ढकलतं आणि कागदावर फ्लॉवर उगवतो, भाजीतला, अगदी तसाच दातेरी. वाळलं की नाही हे डोळ्याने कळत नाही. हाताची मागची बाजू हलकेच टेकवा. गार लागलं तर अजून दमट आहे. इस्त्री करण्याआधी शिंपडलेलं कापड बघतो, तसंच.

आठ पंचवीस, सावल्या. इथे नवशिके काय करतात, झाडाची सावली वेगळी रंगवतात, भिंतीची वेगळी, पायऱ्यांची वेगळी. गोधडी होते. सगळी सावली एकच आकार समजून एका दमात उतरवायची. देवळाच्या सावलीच्या बाजूपासून सुरू करून, झाडाखालून, भिंतीवरून, पायऱ्यांच्या उभ्या भागांवरून थेट पाण्यापर्यंत. ब्रश उचलायचा नाही, फक्त जाता जाता रंग बदलायचा. झाडाखाली सॅप ग्रीन आणि सिएना, दगडावर अल्ट्रामरीन आणि सिएना, खाली पाण्याजवळ थोडा क्रिमझन. दोन रंग पॅलेटवर पूर्ण घोटू नका, कागदावर मिसळू द्या. आणि तुम्हाला योग्य वाटते त्याहून एक पायरी गडद लावा, कारण जलरंग वाळला की फिका पडतो. माझी पहिल्या वर्षीची सगळी चित्रं धुतलेल्या परकराच्या रंगाची आहेत, ती याच कारणाने.

आठ पन्नास, पाणी. प्रतिबिंब सरळ खाली पडतं, सावलीसारखं तिरकं जात नाही. उजळ वस्तूचं प्रतिबिंब किंचित गडद, गडद वस्तूचं किंचित उजळ. फ्लॅट ब्रशने उभे हात मारायचे आणि ओलं असतानाच एक-दोन आडवे हात, बस्स. पाण्यावर जितकं काम कराल तितकं ते सिमेंट होतं.

शेवटची दहा मिनिटं गडद ठिपके: देवळीच्या आतला अंधार, पायरीवर बसलेली माणसं, एक कावळा. नऊ दहाला ब्रश धुतले. अजून करण्यासारखं खूप दिसत होतं. दिसू दे.

डेमो बघताना

सगळे कागदाकडे बघतात. तुम्ही सरांच्या दुसऱ्या हाताकडे बघा, ज्या हातात चिंधी असते. ब्रश पाण्यात बुडवल्यावर ते किती वेळा पुसतात, रंगाची घट्ट गोळी कधी उचलतात, कधी ताकाएवढी पातळ करतात, यात सगळं आहे. मी वहीत मिनिटं लिहिते. एकदा हिशेब लावला तर पन्नास मिनिटांच्या डेमोत सर अठरा मिनिटं नुसते बघत बसले होते. व्हिडिओ करत बसू नका, घरी कोणी बघत नाही. माझ्या मोबाइलमध्ये असे अकरा आहेत.

शहर

वाईच्या बाजारपेठेत हळदीची पोती, दुकानांचे पत्रे आणि दोन्ही बाजूंनी आत पळणाऱ्या रेघा असतात, तिथे शहराच्या चित्राची सुरुवात होते. पण खरी गंमत मुंबईला. आमची दोन दिवसांची बैठक फोर्टमध्ये होती, शनिवार-रविवार. रविवारी सकाळी फोर्ट मोकळा असतो, फूटपाथवर स्टूल ठेवता येतं. १८८८ मध्ये पूर्ण झालेल्या सीएसएमटीच्या इमारतीसमोर बसून ती पूर्ण काढायचा हट्ट नवीन माणसाने करू नये. एवढे घुमट, जाळ्या आणि कमानी आहेत की डोळा फिरतो. मी केला हट्ट. दोन तासांनी माझ्याकडे अर्धा घुमट आणि पूर्ण डोकेदुखी होती.

सर मग आम्हाला ओव्हल मैदानावर घेऊन गेले. मैदानाच्या पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, पश्चिमेला आर्ट डेको इमारती. हा सगळा भाग २०१८ मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत गेला. चित्रकाराच्या कामाची गोष्ट अशी, की मैदानातून टॉवरकडे बघताना सकाळी सूर्य टॉवरच्या मागे असतो. २८० फुटांचा तो मनोरा, त्याची नक्षी, खिडक्या, सगळं एका निळ्या-राखाडी आकारात मिसळून जातं. फक्त बाहेरची कड बरोबर काढायची, आत एकच वॉश. जे काम सीएसएमटीसमोर दोन तासांत झालं नाही ते इथे चाळीस मिनिटांत झालं. दुपारी तीननंतर तोच टॉवर समोरून उजळतो, मग प्रत्येक कमान आपल्याकडे लक्ष मागते. म्हणून नवशिक्यांनी ओव्हलवर सकाळी बसावं, हात बसलेल्यांनी दुपारी.

पुढ्यात क्रिकेट चाललेलं असतं, एकाच मैदानात दहा मॅचेस. माणसं कशी काढायची ते तिथे शिकले. तुम्ही उभे असाल तर सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या, तुमच्याच उंचीच्या सगळ्यांची डोकी जवळपास एकाच रेघेवर येतात, जवळचा असो की लांबचा. लांबच्याचे पाय तेवढे वर सरकतात. स्टुलावर बसला असाल तर मात्र जवळच्यांची डोकी त्या रेघेच्या वर जातात. माणूस काढायचा म्हणजे गाजरासारखा एक हात, वर एक ठिपका, दोघांच्या मध्ये कोऱ्या कागदाची जरा फट. पाय एकत्र, खाली निमुळते. डोकं लहान ठेवा. सगळ्यांचं मोठं होतं आणि मैदानात बालवाडी भरल्यासारखी दिसते.

रस्त्यावरच्या गाड्या म्हणजे उन्हात चकाकणारं छप्पर आणि खालची एकमेकींत मिसळलेली गडद सावली. चाकं मोजू नका. लाल बस एकच घ्या. तारा दोन, त्याही रिगरने एका श्वासात, मध्ये तुटली तर तुटू दे. नौदलाच्या गेटासमोर किंवा पोलीस बंदोबस्त असेल तिथे इझल (चित्राचा स्टँड) उघडू नका, आणि दुकानाच्या दारात बसण्याआधी दुकानदाराला विचारा. मी स्वतः दुकानदार आहे, बोहनीच्या वेळी दारात कोणी स्टूल टाकलं तर मलाही राग येईल.

संध्याकाळ

दिवसाच्या शेवटी सगळ्यांची चित्रं भिंतीला टेकवून ठेवतात आणि सर एकेकावर बोलतात. तेव्हा “ऊन फार होतं”, “कागद बरोबर नव्हता” असं म्हणायचं नाही. गिऱ्हाईक ब्लाऊज घट्ट झाला म्हणालं तर मी काय त्याला मशीनची तक्रार सांगते? ऐकून घ्या. आणि दहा फूट मागे जाऊन बघा. लांबून जे चित्र उठून दिसतं त्यात तीन छटा असतात, बाकीच्या नऊ चित्रांत एकच.

हात वळायला वर्कशॉप पुरत नाही. आमच्याकडून कोल्हापूर जवळ आहे म्हणून मी वर्षातून एकदा टाऊन हॉलच्या संग्रहालयात जाते. तिथे आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत. शाहू महाराजांच्या पदरी होते, कोटितीर्थ तळ्याच्या काठी राहिले, १९३१ मध्ये गेले. त्यांच्या चित्रापुढे उभी राहून मी एकच बघते: कुठे काय काढलेलं नाही. पाण्याच्या कडेला त्यांनी किती थोडक्यात काम भागवलंय ते बघून घरी आले की आठवडाभर माझे ब्रश हलके पडतात. मग पुन्हा हात जड होतो.

लुगडं

मेणवलीच्या त्या सकाळी माझ्या चित्रात डाव्या कोपऱ्यात सगळं हिरवट राखाडी झालं होतं, तिथे काहीतरी तापलेलं हवं होतं. खालच्या पायरीवर एक आजी कपडे धूत होत्या. मी त्यांना काढलं, अंगठ्याच्या नखाएवढं, लाइट रेडमध्ये थोडा क्रिमझन घालून. कपडे पिळून झाल्यावर त्या वर आल्या, बादली कमरेवर, आणि माझ्या खांद्यावरून बघत बसल्या.

“ही मी काय?”

“हो आजी.”

“माझं लुगडं हिरवं हाय न्हवं.”

मी म्हटलं, “हिरवं काढलं तर पाण्यात दिसणार नाही तुम्ही. मागे झाडाचंही हिरवंच आहे.”

“न्हाई दिसलं तर न्हाई दिसलं,” त्या म्हणाल्या. “लाल मी कवा नेसले न्हाई.”

ब्रश धुतलेले होते. तरी मी सॅप ग्रीन उघडला, एका कोऱ्या कागदाच्या तुकड्यावर त्यांना पुन्हा काढलं, हिरव्या लुगड्यात, एकट्याच, आणि तो तुकडा त्यांना दिला. त्यांनी तो ओल्या हाताने धरला, त्यामुळे पदराचा रंग थोडा उतरला. बादलीतल्या पिळ्यांवर तो अलगद ठेवून त्या वाड्याच्या बाजूने वर गेल्या. मोठ्या चित्रातलं लुगडं लालच आहे. दुकानात मापाच्या टेबलामागे लावलंय.